पावशेर तुपाचा विसर

मनुष्य कितीही मोठा झाला तरी त्याचें बाळपण त्याच्या अंतर्यामीं कोठें तरी दडून बसलेलें असतें, आणि त्या बाळपणाला झालेली जखम भरून आल्याशिवाय प्रौढ वयांतील दुःखें मिटत नाहींत, हा विचार आतां आपल्या सुशिक्षित घरांतून चांगलाच रुळला आहे. ‘आंतलें मूल’ हा शब्द आमचे विद्यार्थी सहज वापरतात. अलीकडे त्यांच्या आयाही वापरूं लागल्या आहेत. या विषयावर पुस्तकें निघतात, वर्ग भरतात. आपलें लहानपणचें छायाचित्र पुढें ठेवून त्याच्याशीं बोलावें, उजव्या हातानें लिहिणाऱ्यानें त्या मुलाच्या वतीनें डाव्या हातानें पत्र लिहावें, आणि शेवटीं आपणच आपली आई होऊन त्या मुलाला पोटाशीं धरावें, असा साधारण विधि सांगितलेला असतो. आमचा व्यवसाय वाङ्मय शिकविण्याचा, रोग बरे करण्याचा नव्हे. तेव्हां या उपचाराचा गुण किती येतो हें सांगणें आमचें काम नाहीं. परंतु प्रत्येक उपचाराच्या पोटांत एक कथा असते, आणि कथा म्हटली कीं टीकाकाराला तिच्याविषयीं दोन शब्द बोलण्याचा अधिकार पोंचतो. तो अधिकार आम्ही तुकोबांच्या कांहीं अभंगांच्या आधारें येथें बजावणार आहों.

हा विचार पश्चिमेकडून आला एवढ्यावरून त्याला नाक मुरडण्याचें कारण नाहीं. फ्रॉइडनें प्रौढांच्या व्याधींचें मूळ त्यांच्या शैशवांत शोधलें, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. युंगनें १९४० सालीं देवबालकाच्या कल्पनेवर निबंध लिहिला. त्यांतील मूल कोणा एकाचें नव्हतें, साऱ्या मानवजातीच्या पुराणकथांतलें होतें. पुढें अमेरिकेंत एरिक बर्न यानें प्रत्येक माणसाच्या ठिकाणीं पालक, प्रौढ आणि मूल अशा तीन वृत्ति कल्पिल्या. १९६३ सालीं ह्यू मिसिल्डाइन या डॉक्टरानें गतकाळच्या आंतल्या मुलावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. आणि १९९० सालीं जॉन ब्रॅडशॉच्या पुस्तकानें ही कल्पना घरोघर नेली. या प्रवासांत एक फेरफार मात्र घडून आला. युंगचें मूल सर्वांचें होतें. ब्रॅडशॉच्या वाचकाचें मूल ज्याचें त्याचें झालें.

या विचारानें केलेलें मोठें काम नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. लहान मुलाला अपमान कळतो, अंगावरचे वळ बुजले तरी मनावरचे बुजत नाहींत, हें मान्य करावयास आपल्याकडे फार उशीर लागला. छडी हा पंतोजीच्या हाताचाच एक अवयव आणि धाक हें शिस्तीचें दुसरें नांव, असें मानणाऱ्या पिढ्या फार दूर गेलेल्या नाहींत. पन्नाशीचा गृहस्थ वडिलांचा विषय निघतांच आजही आवाज खालीं आणतो, आणि आपण असें कां करितों हें त्याला सांगतां येत नाहीं. त्याला जर कोणीं म्हटलें कीं, बाबा रे, हा भिणारा तुझ्यांतला आठ वर्षांचा पोर आहे, तर त्याला हायसें वाटावें यांत नवल तें काय?

परंतु त्या उपचारांतली कथा जरा न्याहाळून पाहावी. तींत पात्रें दोन: एक उपाशी राहिलेलें मूल आणि दुसरा त्याला आतां जेवूं घालणारा प्रौढ. हीं दोन्ही पात्रें एकाच कातड्याखालचीं. ऋणको तोच, सावकारही तोच, आणि खतें फाडून टाकणाराही तोच. तिसरें माणूस या घरांत पाऊल टाकीत नाहीं. शिवाय या मुलाला सर्व कांहीं द्यावयाचें. त्याच्यापाशीं मागावयाचें असें कांहींच नाहीं. जो कांहीं देऊं शकत नाहीं तो खरोखर बरा झाला काय, हा प्रश्न त्या पुस्तकांतून आम्हांला फारसा भेटला नाहीं. तो आम्हांला भेटला एका स्वप्नांत, आणि त्या स्वप्नाची वाट ओतूरवरून जाते.

माळशेज घाट चढून नगरच्या दिशेनें जाणाऱ्या रस्त्यावर, जुन्नर तालुक्यांत, मांडवी नदीच्या कांठीं हें गांव आहे. नदीतीरीं कपर्दिकेश्वराचें देऊळ. श्रावणांतल्या सोमवारीं तेथें कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात आणि त्या पाहावयास लोक लोटतात. त्या देवळाजवळच चैतन्यमहाराजांची समाधि आहे. तुकोबांना स्वप्नांत उपदेश करणारे बाबाजी चैतन्य ते हेच, अशी ओतूरकरांची आणि वारकऱ्यांची श्रद्धा. केशव चैतन्य आणि बाबाजी चैतन्य हे दोन पुरुष, कीं एकाच पुरुषाचीं हीं दोन नांवें, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहे. तो वाद आम्हांस येथें सोडवावयाचा नाहीं. समाधीपुढें हात जोडून परतणाऱ्या मंडळींना गुरूनें दिलेला मंत्र आठवतो. गुरूनें मागितलेलें तूप किती जणांना आठवत असेल, असें मात्र आमच्या मनांत येतें.

हें तूप काय आहे तें सांगण्यापूर्वीं स्वप्न पाहणाऱ्याची स्थिति ध्यानांत आणली पाहिजे. ती तुकोबांनींच एका दीर्घ अभंगांत सांगून ठेवली आहे. मराठींतील आत्मकथनाचा विचार करणाऱ्यानें या अभंगापाशीं थांबल्याशिवाय पुढें जाऊं नये, असें आमचें मत आहे. आरंभींच ते म्हणतात कीं, हें बोलूं नये, पण तुम्ही संतांनीं विचारलेंत म्हणून बोलतों. मग हकीकत येते ती वाण्याच्या वहीसारखी रोखठोक. व्यवसाय होता, आईबाप गेले, संसारानें पोळलों, दुष्काळानें पैसा नेला आणि मानही नेला, एक बायको अन्न अन्न करीत मेली. त्याची लाज वाटली, दुःख झालें, धंदा डोळ्यांदेखत बुडतांना दिसला. दख्खनवर १६३०–३१ सालीं जो घोर दुष्काळ कोसळला त्याच्या हकीकती इतर ठिकाणींही मिळतात. पण त्या दुष्काळांत एका घरच्या कर्त्या पुरुषाच्या मनाचें काय झालें, हें इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कोणीं सांगितल्याचें आम्हांस माहीत नाहीं. येथें दुःखाआधीं लाजेचा उल्लेख आला आहे, याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. आपली माणसें गेलीं याचें दुःख कोणालाही होतें. आपण त्यांना जेवूं घालूं शकलों नाहीं याची लाज कर्त्याला होते. तुकोबांची जखम या दुसऱ्या जातीची आहे.

आतां स्वप्न. तुकोबा सांगतात तें असें: नदीवर स्नानाला जात असतां वाटेंत सद्गुरु भेटले. त्यांनीं मस्तकावर हात ठेवला. भोजनासाठीं पावशेर तूप मागितलें. स्वप्नांतच त्याचा विसर पडला. मग कांहीं तरी अंतराय उत्पन्न झाला असावा, म्हणून त्यांना जाण्याची घाई झाली, असें तुकोबा स्वतःच तर्कानें म्हणतात. राघव चैतन्य, केशव चैतन्य अशी परंपरेची खूण सांगितली, आपलें नांव बाबाजी म्हणून सांगितलें, रामकृष्णहरि हा मंत्र दिला. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. त्या दिवशीं गुरूनें आपला अंगीकार केला.

या अभंगाचें विवेचन करणारे बहुधा मंत्राकडे, परंपरेकडे आणि तिथीकडे धांव घेतात. तुपापाशीं कोणी रेंगाळलाच तर त्याचा अध्यात्मपर अर्थ लावून मोकळा होतो. आपल्या कीर्तनकारांना ही हौस फार. आम्हांस वाटतें, तूप हें येथें तूपच आहे, आणि तें तसें राहूं दिलें तरच स्वप्नाचा अर्थ लागतो. ज्याच्या घरांत बायको अन्नावांचून मेली, त्याच्याच दारीं अतिथि येतो आणि जेवणासाठीं तूप मागतो! तेंही घागरभर नव्हे, पावशेर. गरीब वाण्याच्या घरींही निघावें इतकेंच. आणि घरधनी तें द्यावयाचें विसरतो. जागेपणीं जें झालें तेंच स्वप्नांत पुन्हा, अगदीं लहान मापानें, होतें: वाढावयाचें राहून जातें. फ्रॉइडच्या शिष्यांनीं हजारों स्वप्नें चाळलीं असतील. जखमेवर इतकें नेमकें बोट ठेवणारें स्वप्न त्यांना कितीसें सांपडलें असेल? आणि तरीही मस्तकावरचा हात मागें घेतला जात नाहीं. गुरु रागावून शाप देत नाहीं, ‘असूं दे, चालेल’ असेंही म्हणत नाहीं. तूप राहून गेलें तें राहूनच गेलें. मंत्र मात्र मिळाला.

कोणी म्हणेल, डोक्यावर हात ठेवून घेणारा तुकाराम हा आंतलें मूलच नव्हे काय? बापाच्या हाताला पोरका झालेला तो, त्याला हात मिळाला, एवढाच याचा अर्थ. अर्धा अर्थ हा आहे, हें आम्हांस मान्य आहे. मस्तकीं हात ही आशीर्वादाची, वडीलधाऱ्याची खूण, आणि तुकोबांचे आईबाप लवकर गेले होते. परंतु हात आधीं आणि मागणी मागून, असा त्या अभंगांतला क्रम आहे. ज्याला जवळ घेतलें त्याच्यापाशींच मागितलें. मागणें म्हणजे तुझ्यापाशीं देण्यासारखें कांहीं आहे असें मानणें. दुष्काळानें ज्याचा मान नेला त्याला हा मान कोणीं तरी बाहेरून येऊन द्यावा लागतो. आरशापुढें उभें राहून स्वतःपाशींच पावशेर तूप मागतां येत नाहीं.

या बाबतींत इंग्रजी वाङ्मयांतलें एक उदाहरण आमच्या फार दिवस मनांत आहे. जॉन स्टुअर्ट मिल्ल याला बापानें तिसऱ्या वर्षीं ग्रीक शिकवावयास सुरुवात केली. मुलपण असें त्याला मिळालेंच नाहीं. आंतल्या मुलाच्या वैद्यांना याहून चांगला रोगी मिळावयाचा नाहीं. १८२६ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, त्याचें मन एकाएकीं मरगळलें. कशांतच गोडी राहिली नाहीं. १८७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत तो सांगतो कीं, मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचतांना त्याला पहिल्यांदा रडूं आलें आणि मनावरचें ओझें हलकें झालें. प्रसंग कोणता? बाप वारला आहे, घर उघडें पडलें आहे, आणि मार्मोंतेल हा कोंवळा पोर एकदम उठतो. आपण या घराला गेलेल्याची उणीव भासूं देणार नाहीं असें त्याला वाटतें, आणि घरच्यांनाही तें पटतें. येथें पुस्तकी टीकाकार लगेच म्हणतील कीं, मिल्लला आपल्या कडक बापाचें मरण वाचून आंतून बरें वाटलें. तसें म्हटलेलेंही आहे, आणि त्यांत कांहीं तथ्य नसेल असें नाहीं. पण मिल्लनें स्वतः ज्यावर बोट ठेवलें आहे तें निराळें आहे. ज्याच्यापाशीं मोठें कांहीं मागितलें गेलें आणि जो देण्यास उभा राहिला, अशा मुलाच्या चित्रानें त्याला पाझर फुटला. लाड झालेल्या मुलाच्या चित्रानें नव्हे.

तुकोबांना दुसरें एक स्वप्न पडलें. नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन आले, त्यांनीं झोपेंतून जागें केलें आणि काम सांगितलें: कवित्व कर, वायफळ बोलूं नकोस, माझी संख्या अपुरी राहिली आहे ती पुरी कर. पुन्हा मागणीच! पावशेर तुपाच्या जागीं आतां अभंगांचा ढीग मागितला आहे, आणि या वेळीं विसर पडलेला नाहीं. आज गाथेंत साडेचार हजारांवर अभंग आहेत. तुपाचा विसर हा या कवित्वाच्या मागें लागलेला तगादा होता, असें आम्ही ठामपणें म्हणणार नाहीं. कवीच्या मनाचा इतका सरळ हिशेब मांडतां येत नसतो. पण दोन्ही स्वप्नें एकापुढें एक ठेवून वाचावीं, एवढी शिफारस आम्ही जरूर करूं.

येथें एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. गाथेंत आई आणि मूल यांचे अभंग शेंकड्यांनीं आहेत, आणि त्यांत मुलानें कांहीं द्यावयाचें नसतें. न मागतां आई देते, न सांगतां तिला भूक कळते. मग आमचें म्हणणें टिकतें कसें? या आक्षेपाचें उत्तर आम्हांस त्या तेरा दिवसांच्या अभंगांत सांपडतें. लोकांच्या छळामुळें वह्या इंद्रायणींत गेल्या, आणि तुकोबा तीरावर धरणें धरून बसले. हा हट्ट मुलाचा हट्ट आहे, यांत शंका नाहीं. डोळे मिटून तेरा दिवस मी बसून राहिलों, असें ते म्हणतात. रुसलेलें पोर याहून वेगळें काय करितें? आणि मग माउली आली. परंतु ती कोणत्या रूपानें आली? तुकोबांच्या शब्दांचा भावार्थ असा कीं, ती पदरही न सांवरतां लगबगीनें, बालवेष घेऊन जवळ आली. रुसलेल्या मुलाची समजूत घालावयास आई स्वतःच मूल होऊन आली! या एका कल्पनेसाठीं आम्ही मानसशास्त्राचीं दहा पुस्तकें ओवाळून टाकूं. कारण तिच्यामागोमाग येतें तें असें: आपण मोठा अन्याय केला, तुझा अंत पाहिला, लोकांच्या बोलण्यासाठीं तुला शीण दिला. मूल पुढें उभें राहिल्याबरोबर हट्ट धरणाराला आपल्या मोठेपणाची जाणीव झाली. आईच्या मांडीवर पडलेल्याला आईचे थकलेले हात दिसले. ब्रॅडशॉच्या वाचकाला येथवर पोंचण्याची वाटच ठेवलेली नाहीं. त्याची आई तो स्वतः असल्यामुळें ती थकली आहे काय हें विचारावयाचें कोणाला?

आमच्या या सिद्धांताला एक जागा अशी आहे कीं जेथें तो जपून वापरला पाहिजे, आणि ती जागा तुकोबांच्या शिष्येच्या आयुष्यांतच आहे. बहिणाबाई वेरूळजवळच्या देवगांवची. तिसऱ्या वर्षीं तिचें लग्न तीस वर्षांच्या बिजवराशीं झालें. तिचें आत्मचरित्रपर अभंग जस्टिन ॲबट यांनीं १९२९ सालीं इंग्रजींत आणले. मराठी घरांतून मात्र ते जितके वाचले जावे तितके जात नाहींत, ही खेदाची गोष्ट आहे. कोल्हापुरास असतां त्यांच्याकडे एक गाय आली आणि तिचें वासरूं या मुलीच्या मागें मागें फिरूं लागलें. ती कीर्तनाला गेली तर तेंही जाई. जयराम गोसाव्यांनीं कीर्तनांत दोघांच्या डोक्यावरून हात फिरविला. ती वार्ता घरीं गेली आणि नवऱ्यानें तिला बांधून मारलें. गाईवासरानें चारापाणी सोडलें, वासरूं मेलें, मुलगी बेशुद्ध पडली. त्या अवस्थेनंतर तिला तुकोबांनीं स्वप्नांत दर्शन दिलें आणि उपदेश केला. गुरुशिष्यांची प्रत्यक्ष भेट नाहीं, मस्तकीं हात आहे, मंत्र आहे. ओतूरच्या परंपरेंतलें स्वप्न जणूं पुढच्या पिढीकडे चालत गेलें.

पण हिच्यापाशीं आणखी काय मागावयाचें? तिसऱ्या वर्षापासून हिच्यापाशीं सर्वांनीं मागितलेंच होतें. आज कोणी आमचा हा लेख हातांत घेऊन मार खाणाऱ्या सुनेला ‘तूं देण्यास शीक’ असें सांगूं लागेल, तर त्यानें आमच्या लेखाचा आणि तुकोबांचाही दुरुपयोग केला असें होईल. मागणीमागणींत भेद आहे. बाबाजींनीं हात ठेवून मग मागितलें, आणि न मिळाल्यावर हात उचलला नाहीं. बहिणेच्या घरांत हात उचलला गेला होता. अशा ठिकाणीं ‘तुझ्यावर अन्याय झाला’ हें वाक्य प्रथम, स्पष्ट आणि मोठ्यानें उच्चारलें पाहिजे. तें उच्चारावयास आंतल्या मुलाच्या पुरस्कर्त्यांनीं लोकांना शिकविलें, याचें श्रेय त्यांना देऊन टाकावें. बहिणेला कांहीं न मागतां जवळ आलेला जीव म्हणजे तें वासरूं. ज्या प्रेमानें ती त्याच्याविषयीं लिहिते तें वाचतांना वाटतें कीं, स्वतःविषयीं जें बोलण्याची तिला मुभा नव्हती तें ती वासराविषयीं बोलून घेते. तरीसुद्धां, तिनेंही आपलें दुःख स्वतःशींच उगाळलें नाहीं. तिनें तें अभंगांत मांडलें. गुरुपरंपरा सांगतांना राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी, तुकोबा यांच्यामागें आपलें नांव निःसंकोच लिहिलें. आणि मरणसमयीं आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत आपला मुलगा विठोबा याला जवळ बसवून सांगितली. तुकोबांना संतांनीं विचारलें होतें. हिला विचारणारा मुलगा घरांतच होता, आणि तो ऐकत बसला.